नफा घेतला तर देव रागावतो का? तुकोबांच्या कर्जखतांपासून आपल्या उधारीच्या वहीपर्यंत



मागच्या व्हिडिओत आपण दर कसा ठरवायचा ते पाहिलं. त्यानंतर एका ताईंनी विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. त्या घरी चकली, शेव, चिवडा करून विकतात. त्यांनी लिहिलं होतं, "सर, माझ्या गळ्यात माळ आहे. घरात एकादशी पाळतो. तुम्ही सांगता तसा दर लावायला गेले की मनात येतं, आपण लोकांना लुटतोय. नफा आणि भक्ती एकत्र जमतं का?"

हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. माझ्या वर्गात येणाऱ्या दर बॅचमध्ये दोन-चार जण तरी याच ठिकाणी अडकलेले असतात. हिशोब येतो, माल चांगला असतो, गिऱ्हाईकही असतं, पण पैसे मागायची वेळ आली की जीभ अडखळते. दुसऱ्या बाजूला असेही भेटतात, जे महिन्याला हजारो रुपये पूजेवर आणि यंत्रांवर घालवतात आणि रोजमेळ मात्र लिहीत नाहीत. दोघांचाही धंदा बुडतो. म्हणून आजचा धडा जरा वेगळा घेतोय. आपल्या परंपरेत पैशाबद्दल खरंच काय सांगितलंय, ते आधी पाहू आणि मग ते गल्ल्यापर्यंत आणू.

१) 'पैसा म्हणजे पाप' हे सांगितलं कुणी?

आपल्याकडे माणसाच्या आयुष्याची चार उद्दिष्टं मानली आहेत: धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष. यांना पुरुषार्थ म्हणतात. नीट बघा, यात 'अर्थ' दुसऱ्या नंबरवर बसलाय, चोरून आत शिरलेला नाही. अर्थ म्हणजे पैसा, जमीन, धान्य, जनावरं, जगण्याचं साधन. कौटिल्याने तर अर्थशास्त्रात स्पष्ट म्हटलंय की अर्थच प्रधान आहे, कारण धर्म आणि काम दोन्ही त्याच्यावर उभे आहेत. महाभारतात युद्ध संपल्यावर युधिष्ठिर सगळं सोडून वनात निघतो, तेव्हा अर्जुन त्याला अडवतो आणि हाच मुद्दा मांडतो: दान करायचं, यज्ञ करायचा, आल्यागेल्याला जेवू घालायचं, तर हातात काही असायला नको का?

श्रीसूक्त घ्या. शुक्रवारी कितीतरी घरांत म्हटलं जातं. त्यात गाई, घोडे, सोनं, अन्न असं उघड उघड मागितलंय. आणि भूक-तहानेच्या रूपातल्या अलक्ष्मीला घालवून दे, असंही मागितलंय. म्हणजे उपासमारीला तिथे कुणी पवित्र मानलेलं नाही.

आणि गीता? सातव्या अध्यायात श्रीकृष्ण चार प्रकारचे भक्त सांगतात: दुःखात सापडलेला, जाणून घ्यायची इच्छा असलेला, अर्थाची इच्छा असलेला आणि ज्ञानी. यातला तिसरा, 'अर्थार्थी', म्हणजे तुम्ही-आम्ही. ज्ञानी सगळ्यांत जवळचा, हे खरं. पण अर्थार्थीला दाराबाहेर काढलेलं नाही. चौघांनाही श्रीकृष्ण उदार म्हणतात.

तर पहिला मुद्दा पक्का करा. मागणं चूक नाही, कमावणंही चूक नाही. पण चार पुरुषार्थांचा क्रम लक्षात ठेवा. अर्थाच्या आधी धर्म लिहिलाय. पैसा मिळवायचा तो धर्माच्या चौकटीत. ही चौकट दुकानात कशी दिसते? त्यासाठी एका दुकानदाराची गोष्ट.

२) काशीचा दुकानदार तुलाधार

ही गोष्ट महाभारताच्या शांतिपर्वात आहे. जाजली नावाचा एक तपस्वी होता. तो इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांनी त्याच्या जटांमध्ये घरटं केलं. अंडी घातली, पिलं झाली, मोठी होऊन उडून गेली, तरी हा हलला नाही. मग त्याला वाटलं, आपल्यासारखा धर्म कुणालाच साधला नाही. तेवढ्यात आकाशवाणी झाली: वाराणसीच्या तुलाधाराची बरोबरी तुला येणार नाही, आणि तोसुद्धा असं बोलत नाही!

जाजली चिडून काशीला गेला. बघतो तर काय, तुलाधार दुकानात बसून माल विकतोय. मुळ्या, औषधी, सुगंधी वस्तू, असला माल. जाजलीने विचारलं, तू तर वाणी, तुला एवढं ज्ञान आलं कुठून? तुलाधाराच्या उत्तराचा सारांश असा: मी दारू विकत नाही. दुसऱ्यांकडून माल घेतो आणि फसवणूक न करता विकतो. कुणाचं वाईट करून पोट भरत नाही. आणि माझा तराजू सगळ्यांसाठी सारखा आहे.

यात कुठे असं आहे का, की तुलाधार फुकट वाटत होता? नाही. तो दुकानदार होता, त्याच्यावर घर चालत होतं. त्याची साधना तराजूत होती. श्रीमंत गिऱ्हाईक आलं म्हणून काटा वर गेला नाही आणि अडाणी आलं म्हणून खाली आला नाही.

आता ताईंच्या प्रश्नाकडे या. लुटणं म्हणजे काय? शेंगदाणा तेल सांगून दुसरंच तेल वापरणं. पाकिटावर अर्धा किलो लिहून चारशे सत्तर ग्रॅम भरणं. ओळखीच्याला एक भाव आणि गरजू दिसला की दुसरा भाव. याला लुटणं म्हणतात. खर्च मोजून, मेहनत धरून, सगळ्यांना एकच दर सांगणं याला व्यवहार म्हणतात. गिऱ्हाईकाला परवडलं तर तो घेईल, नाहीतर पुढे जाईल.

३) "पण तुकोबांनी तर वह्या बुडवल्या!"

इथपर्यंत आलं की वर्गात एक हात हमखास वर होतो. "सर, मग तुकाराम महाराजांचं काय? त्यांनी तर कर्जखतं इंद्रायणीत टाकली. म्हणजे पैसा सोडल्याशिवाय देव नाही, असंच ना?"

ही गोष्ट आपल्याला अर्धीच सांगितली जाते. म्हणून आज ती जरा नीट बघू, कारण तुकोबा आपल्यासारखेच धंद्यातले होते.

तुकोबांचा जन्म साधारणपणे १६०८ सालचा मानतात. देहू गावात त्यांच्या घराण्याकडे महाजनकी होती, म्हणजे बाजारपेठेतला मान होता. शेती, दुकान आणि सावकारी होती. स्वतः तुकोबांनी आपल्या अभंगात सांगितलंय की आपण जातीने शूद्र आणि व्यवसाय वाण्याचा केला. थोरला भाऊ सावजी विरक्त, त्याचं संसारात लक्ष नाही. त्यामुळे कोवळ्या वयातच दुकानाचा भार तुकोबांवर आला. मग थोड्याच वर्षांत आई-वडील गेले.

आणि मग १६३० चा दुष्काळ आला. दख्खनच्या इतिहासातल्या सगळ्यांत भयंकर दुष्काळांपैकी तो एक. पाऊस नाही, धान्य नाही, माणसं देशोधडीला लागली. आता विचार करा, गावात पीकच नाही, तर दुकानात गिऱ्हाईक कुठून येणार आणि दिलेलं कर्ज परत कोण करणार? तुकोबांचं दिवाळं निघालं. पहिली पत्नी रखुमाबाई अन्न अन्न करत गेली. मुलगा संतूही गेला. दिवाळं निघाल्याची लाज, माणसं गेल्याचं दुःख, हे तुकोबांनी स्वतःच लिहून ठेवलंय. धंदा बुडणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

दुसरी पत्नी जिजाई पुण्याच्या गुळवे सावकारांची मुलगी. अठराव्या शतकातले संतचरित्रकार महिपती सांगतात की जिजाईने धंदा पुन्हा उभा राहावा म्हणून पैसे उभे करून दिले. तुकोबा माल घेऊन गेले, नफाही झाला, पण वाटेत एक अडलेला माणूस भेटला आणि पैसे त्याला देऊन टाकले. घरी जिजाईला काय वाटलं असेल? आपण तिला कजाग म्हणून मोकळे होतो. पण चूल पेटवायची जबाबदारी तिच्यावर होती. घरातला एक माणूस वैराग्याकडे वळला की त्याची किंमत घरातलं दुसरं कुणीतरी मोजत असतं. हे विसरू नका.

आता कर्जखतांचा प्रसंग. लोकांकडून येणं असलेल्या रकमांचे कागद घरात होते. तुकोबांनी ठरवलं की ही वसुली आता करायची नाही. दुष्काळाने मोडलेल्या माणसांच्या दारात कुठल्या तोंडाने जायचं? पण धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, माझा संसार आहे, मला हे परवडणार नाही. मग तुकोबांनी काय केलं? परंपरा सांगते की कागदांचे दोन वाटे केले. निम्मे कान्होबाला दिले. आणि आपल्या वाट्याचे तेवढे इंद्रायणीत सोडले.

हाच तो भाग, जो आपल्याला सांगितला जात नाही. तुकोबांनी सगळ्या वह्या बुडवल्या नाहीत. आधी वाटणी केली. भावाचं भावाला दिलं. त्यागात फक्त स्वतःचं गेलं. अंगात एवढं वैराग्य आलेलं असतानासुद्धा दुसऱ्याच्या हक्काच्या कागदाला हात लावला नाही. मला विचाराल तर या प्रसंगातला धर्म तिथे आहे.

आणि याच तुकोबांनी एका अभंगात संसारी माणसाला काय सांगितलंय? धन मिळवा, पण उत्तम व्यवहाराने मिळवा आणि खर्च करताना मन त्यात अडकू देऊ नका. 'मिळवू नका' असं सांगितलेलं नाही.

४) माझी चूक

हे मला का माहीत, ते सांगतो. कारण मी ते चुकून शिकलोय.

ट्रेनिंगच्या आधी माझा लग्नपत्रिका छापायचा छोटा धंदा होता. एक स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल, एक कटिंग मशीन आणि मदतीला एक मुलगा. आजूबाजूच्या गावांतली लग्नं. निम्मे पैसे आगाऊ, बाकीचे 'लग्न झालं की देतो'. एका वर्षी पाऊस पडला नाही आणि 'लग्न झालं की' वाले पैसे आलेच नाहीत. वहीत अडतीस हजार उधारी साचली. माझ्यासाठी तेव्हा ही रक्कम मोठी होती.

आषाढी एकादशीचा दिवस होता. सकाळी कीर्तनात हाच इंद्रायणीचा प्रसंग ऐकला. घरी आलो आणि उधारीची पानं टराटरा फाडली. काय सांगू, इतकं हलकं वाटलं! दोन-चार जणांना फोन करून सांगितलंसुद्धा, "राहू द्या, काही देऊ नका." लोकांनी कौतुक केलं. मला ते आवडलं, हेही कबूल करतो.

तीन आठवड्यांनी कागदवाल्याचा माणूस आला. त्याचं बावन्न हजार देणं होतं. त्याच आठवड्यात मशीनवरच्या मुलाने दोन महिन्यांचा थकलेला पगार मागितला. मी त्याला म्हणालो, "अरे, थांब की जरा, तुला दिसतंय ना परिस्थिती." तो काही बोलला नाही. पुढच्या सोमवारी कामावर आला नाही. नंतर कळलं, तो दुसरीकडे लागला. त्याचा पगार मी पुढे चार हप्त्यांत दिला, पण तो मुलगा परत माझ्याशी पहिल्यासारखा बोलला नाही.

त्या वेळी आई एक वाक्य बोलली. तिने आयुष्यभर वारी केलेली. म्हणाली, "अरे, तुकोबांनी आधी भावाचं काढून दिलं. तू कुणाचं काढलंस?"

मी जे माफ केलं, त्यातले कागदाचे पैसे कागदवाल्याचे होते. मजुरीचे पैसे त्या मुलाचे होते. माझा त्यात फक्त नफा होता, फार तर सात-आठ हजार. मी दुसऱ्याच्या पैशाने पुण्य करून बसलो होतो.

५) आता ताईंचा हिशोब

चला, वहीवर येऊ. उदाहरणादाखल एक किलो चकली घेतो. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, पद्धत हीच ठेवा.

भाजणी: ७० रुपये
तेल: ६० रुपये
तीळ, ओवा, तिखट, मीठ: १५ रुपये
गॅस: १५ रुपये
पाकीट आणि लेबल: १५ रुपये
एकूण: १७५ रुपये

ताई विकतात २२० रुपयांना. त्यांना वाटतं, ४५ रुपये सुटले, म्हणजे भरपूर झालं. पण एक किलोमागे मळणं, पाडणं, तळणं, भरणं मिळून दीड तास जातो. तासाला ६० रुपये धरले तर मजुरी झाली ९० रुपये. म्हणजे खर्च २६५. तुटलेल्या, जास्त तळलेल्या, चवीला दिलेल्या चकल्यांचे १५ धरा. झाले २८०. आता सांगा, २२० ला विकून नफा होतोय की किलोमागे ६० रुपये पदरचे जातायत? दिवाळीत १०० किलो माल गेला तर ६,००० रुपयांची मेहनत ताईंनी फुकट वाटली. आणि ज्यांना वाटली, त्यांना हे माहीतही नाही!

दर ३२० लावला, तर २८० खर्च आणि ४० नफा. हे ४० रुपये कशासाठी? पुढच्या वर्षी तेल महागलं तर माल घ्यायला. मोठा सोऱ्या घ्यायला. शेजारच्या एखाद्या बाईला कामावर घेतलं तर तिला वेळेवर पैसे द्यायला. नफा नसेल तर पहिला फटका दुसऱ्या कष्टकऱ्यालाच बसतो. माझ्या मशीनवरच्या मुलाला बसला तसा.

"पण ताई, तुमची मेहनत देवाची सेवा आहे," असं म्हणणारे भेटतील. बरोबर आहे. ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरीत, म्हणजे १२९० साली, हेच सांगितलं की आपल्या कर्माचीच फुलं करून ईश्वराला वाहायची. पण देवाला फुलं वाहायची, गिऱ्हाईकाला नव्हे. गिऱ्हाईकाला चकली विकायची आणि तिची किंमत घ्यायची. देवाला वाहायचं ते काम नीट करण्यातून: जुनं तेल न वापरणं, वजन पूर्ण भरणं, वेळेवर देणं.

६) दान की उधारी? एकदा ठरवा

धंद्यात भक्ती सगळ्यांत जास्त गोंधळ घालते ती उधारीत. माझे चार नियम लिहून घ्या.

पहिला: उधारी आणि दान यांची वही वेगळी ठेवा. माल देतानाच मनाशी ठरवा, हे परत घ्यायचंय की द्यायचंय. देताना उधारी आणि वसुली जमली नाही की 'जाऊ दे, दान झालं', याला दान म्हणत नाहीत. तो कंटाळा असतो किंवा भीड.

दुसरा: माफ करण्याआधी वाटणी करा. त्या रकमेत पुरवठादाराचं किती, कामगाराचं किती, भागीदाराचं किती, बँकेच्या हप्त्याचं किती? ते सगळं बाजूला काढून जे उरेल, ते तुमचं. तेवढंच माफ करायचा तुम्हाला अधिकार आहे.

तिसरा: दानाची रक्कम आधी ठरवा. नफ्याच्या शंभरात पाच, दहा, काय झेपेल ते. महिन्याच्या शेवटी वेगळ्या डब्यात टाका. मग कुणी अडलेला आला तर त्या डब्यातून मोकळ्या हाताने द्या. गल्ल्यातून नाही.

चौथा: खरंच अडलेल्याच्या दारात वसुलीला जाऊन त्याचा अपमान करू नका. हप्ते पाडून द्या, मुदत वाढवा. तुकोबांना दुष्काळातल्या माणसाचं दुःख दिसलं, हेही त्या गोष्टीत आहे. पण जो नवी गाडी फिरवतो आणि तुमचे चार हजार बुडवतो, त्याच्याकडे मात्र बिनधास्त मागा. आठवण करून देण्यात कसलंही पाप नाही.

७) दुसरं टोक: देवाला भागीदार करून हिशोब न ठेवणं

आतापर्यंत पैशाला घाबरणाऱ्यांशी बोललो. आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींशी.

काही जण कर्ज काढून दुकानाचं उद्घाटन करतात. मोठी पूजा, मांडव, तीनशे माणसांचं जेवण. आणि माल भरायला पैसे उरत नाहीत. काही जण व्हिडिओ बघून 'अमुक मंत्र म्हणा, एकवीस दिवसांत पैसा' याच्या मागे लागतात. माझ्याच क्षेत्रातले काही जण असलं विकतात, म्हणून स्पष्ट बोलतो: देवाचं नाव घेऊन पटकन श्रीमंतीचं आमिष दाखवणाऱ्यापासून चार हात लांब राहा. तो तुमची श्रद्धा विकत नाही, तुमची घाई विकतो.

आपली लक्ष्मीपूजनाची पद्धत आठवा. आश्विन अमावास्येला आपण नाणी-नोटा, दागिने ठेवतो, आणि सोबत काय ठेवतो? नवी केरसुणी! तिला हळदीकुंकू वाहतो, तिलाच लक्ष्मी म्हणतो. शिंद्यांची ती साधी केरसुणी सोन्याच्या शेजारी बसते. मला तरी यातून एकच कळतं की जिथे रोज झाडलं जातं, नीटनेटकं राहतं, तिथे लक्ष्मी नांदते. मग पाडव्याला व्यापारी नवी वही घालतात आणि वर लिहितात 'शुभ-लाभ'. शब्दांचा क्रम बघा. आधी शुभ, मग लाभ. आणि वहीची पूजा झाल्यावर ती उघडून रोज लिहायची असते. कोऱ्या वहीला वर्षभर हळदीकुंकू वाहून काय उपयोग?

मन अडकू न देणं, याचाही अर्थ इथेच लागतो. ईशोपनिषदाचा पहिलाच मंत्र सांगतो की हे सगळं ईश्वराने व्यापलंय, म्हणून त्यागपूर्वक उपभोग घे आणि कुणाच्या धनाची हाव धरू नकोस. आणि लगेच दुसरा मंत्र म्हणतो, कामं करतच शंभर वर्षं जगायची इच्छा धर. दोन्ही एकत्र वाचा. हाव नको, आळसही नको.

८) संतांनी धंदे सोडले नाहीत

गोरोबांनी मडकी केली. सावतोबांनी मळा पिकवला. नरहरी सोनारांनी दागिने घडवले. सेना महाराजांनी हजामती केल्या. ही माणसं धंद्यात राहून संत झाली. तुकोबांची वाट वेगळी, आणि ती त्यांनी आपलं सगळं पणाला लावून निवडली. आपण निदान गोरोबा-सावतोबांची वाट धरू शकतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. निवडलेला त्याग आणि लादलेली गरिबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोखोबांची गरिबी त्यांनी निवडलेली नव्हती, समाजाने लादलेली होती. मंगळवेढ्याला वेशीच्या भिंतीचं काम करताना भिंत कोसळून ते गेले. तेव्हा कुणी तुम्हाला म्हणालं की 'तुम्ही कशाला पैशाच्या मागे लागता, समाधानी राहा', तर आधी बघा, सांगणाऱ्याचं पोट भरलेलं आहे का. ज्यांच्या घराण्यात आजवर कुणाला दुकान टाकता आलं नाही, त्यांनी पहिलं दुकान टाकून चार पैसे मिळवणं, यात मला कुठलाच लोभ दिसत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या एका वस्तूचा खर्च वरच्या पद्धतीने काढा. स्वतःची मजुरी धरूनच. सध्याचा दर आणि खरा खर्च शेजारी-शेजारी लिहा.

२. उधारीची यादी काढा. प्रत्येक नावापुढे लिहा: 'अडलेला', 'विसरलेला' किंवा 'टाळणारा'. विसरलेल्यांना उद्याच फोन करा. बहुतेक पैसे तिथेच असतात.

३. प्रत्येक रकमेत दुसऱ्याचं किती आहे, ते बाजूला काढा.

४. दानाचा डबा सुरू करा. रक्कम छोटी चालेल, पण ती नफ्यातूनच असू द्या. भांडवलाला हात लावू नका.

५. तुमच्याकडे कामाला असलेल्या माणसाचा पगार थकला असेल, तर पुढच्या पूजेच्या आधी तो द्या.

त्या ताईंना मी उत्तर दिलं ते इथेही लिहितो. ताई, माळ गळ्यातच राहू द्या. तीच माळ घालून वजनकाट्यावर पाकीट ठेवा, काटा बरोबर किलोवर आला की ३२० रुपये मागा. मागताना मान खाली घालू नका.

परवा त्यांचा निरोप आला. दर वाढवल्यावर दोन गिऱ्हाईकं तुटली आणि नऊ टिकली. त्यांनी शेजारणीला दिवाळीपुरतं कामाला घेतलंय, आणि शनिवारचे पैसे शनिवारीच दिले.

तुमच्या उधारीच्या यादीत काय निघालं, ते कमेंटमध्ये जरूर लिहा. नावं लिहू नका, फक्त आकडे लिहा. पुढच्या व्हिडिओत 'टाळणाऱ्या' गिऱ्हाईकाशी फोनवर कसं बोलायचं, त्याचा सराव करू. तोपर्यंत वही लिहित राहा.

राम कृष्ण हरी!